शालिकमामांचा रक्तगट

शालिकमामांनी तुमचा हात हातात घेतला, तर त्यांना तुमचा लळा लागलाय असं समजू नका. ते बोट निवडत असतात. डाव्या हाताची अनामिका त्यांना विशेष पसंत. रामराम होईपर्यंत स्पिरिटचा बोळा फिरलेला असतो, "घरी सगळे बरे?" या प्रश्नाच्या आत टोचून झालेलं असतं, आणि तुम्ही "बरे" म्हणून तोंड मिटता तोवर तुमच्या रक्ताचे तीन थेंब एका पांढऱ्या टाइलवर ओळीनं बसलेले असतात. मी या गावात बदली होऊन आलो त्या पहिल्याच दिवशी, टेम्पोतून गादी उतरवत असताना, माझ्या बोटाचं हे झालं. मी ओरडायच्या आत मामा म्हणाले, "मुंगी चावली समजा, गुरुजी."

आमचं गाव पवनीहून आसगावला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आहे. गावाच्या तोंडाशीच राइस मिल आहे आणि मामा तिथले मिस्त्री. साठीला दोन वर्षं कमी, अंगानं काटकुळे, भुवयांवर कायम तांदळाच्या कोंड्याची पांढरी भुकटी. मिलमधून निघालेला तांदूळ तळहातावर पसरून त्यात कणी, म्हणजे तुटका दाणा, किती हे ते नुसत्या नजरेनं सांगतात. धान विकणारा आणि घेणारा, दोघेही त्यांचा शब्द मानतात. हीच नजर पुढे रक्तावर पडली.

मामांच्या फ्रिजमध्ये तीन छोट्या बाटल्या असतात. एक निळी, एक पिवळी, एक पांढरी. भंडाऱ्याच्या औषधाच्या दुकानातून त्या आणायच्या तर मामा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसतात आणि वाटेत शेजाऱ्यालाही डब्याला टेकू देत नाहीत. घरात फ्रिज आला तोच मुळी या बाटल्यांसाठी. मामींना त्यात दही ठेवायची परवानगी सहा महिन्यांनी मिळाली, तीही खालच्या कप्प्यात.

परीक्षा कशी करायची ते मामा कुणालाही समजावून सांगतात. रक्ताच्या तीन थेंबांवर तीन बाटल्यांतला एकेक थेंब टाकायचा, काडीनं ढवळायचं, टाइल जरा हलवायची आणि बघायचं. "निळीत कणी पडली का ए. पिवळीत पडली का बी. दोनीत पडली का एबी. अन् दोनी सपाट राह्यल्या का ओ. पांढरीत पडली का पॉझिटिव्ह, नाही पडली का निगेटिव्ह. यात हाय काय?" रक्ताच्या गुठळ्यांना कणी म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण एकदा त्यांनी ती दाखवली आणि मी वाकून पाहिली, तेव्हा खरंच ती तांदळातली कणीच वाटली. माझ्या बोटातून निघालेल्या थेंबात एवढं काही लिहून ठेवलंय, आणि ते हा राइस मिलचा मिस्त्री न्हाणीघरातून उरलेल्या टाइलवर वाचतोय, हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

एका माणसाला एक सुई, हा त्यांचा नियम. वापरलेली सुई जुन्या पत्र्याच्या डब्यात जाते आणि डबा भरला की दवाखान्यात. नाव, वय आणि गट दोनशे पानी वहीत. मग तुम्ही विचारता, "नक्की ना मामा?" आणि मामा टाइल तुमच्या नाकाशी धरून म्हणतात, "मी नाही म्हनत, बाटली म्हनते."

इथवर सगळं ठीक होतं. पण गट कळला म्हणजे काम संपलं असं मामा मानत नाहीत. त्यांच्यापाशी एक हिंदी पुस्तिका आहे, नागपूरच्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली. कोणत्या रक्ताच्या माणसानं काय खावं, हे तिच्यात छापलं आहे. पवनीचे डॉक्टर हसतात आणि म्हणतात, "गट बरोबर काढतात मामा, पण त्या खाण्याला काही आधार नाही." मामांना डॉक्टरांची कीव येते.

पुस्तिका लिहिणारा बहुधा समुद्राकाठचा असावा. मामांनी तिची सोय आपल्या मुलुखाप्रमाणे लावून घेतली आहे. ऑलिव्हच्या तेलापुढे त्यांनी पेनानं 'जवस' लिहिलं. टर्की नावाच्या पक्ष्यापुढे 'आपल्याकडे येत नाही, सोडा' असं आहे. तक्ता असा की ओ गटानं मटण, कोंबडा, मासे खावेत, गहू आणि दूधदही सोडावं. ए गटानं भात, भाजी, डाळ यांवर राहावं. बी गटाला दूधदही उत्तम, पण कोंबडा आणि शेंगदाणा म्हणजे विष. आणि एबीनं सगळं थोडं थोडं खावं, पोटभर मात्र काहीच नाही. माझी बायको एबी निघाली आणि तेव्हापासून ती मामांच्या समोरून जात नाही.

मी ए निघालो. मला झिंगे, म्हणजे तळ्यातली कोळंबी, आवडतात हे मामांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात बिडी ओढताना सापडलोय. "गुरुजी, तुमचं पोट गाईचं हाय. तुमी कायले झिंगे खाऊन राह्यले? आपल्या रक्ताच्या उलट खाल्लं का आयुष्यातून दिवस कमी होतेत." पंधरा दिवस मी झिंगे सोडले. सोळाव्या दिवशी सोडलं ते मामांच्या घरावरून जाणं.

पण गावात ऐकणारे पुष्कळ. बाबूरावांना मामांनी गहू बंद केला आणि महिन्याभरात त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन चक्कीवर जाणं बंद झालं होतं म्हणून थांबला, हे मी सांगून पाहिलं. बाबूराव म्हणाले, "तुमाले हेवा वाट्टे."

भाच्याच्या लग्नानंतरच्या जेवणात मामांनी कमाल केली. मांडवात चार पंगती मांडल्या आणि चार पुठ्ठ्यांवर गटांची नावं लटकवली. ज्यांना आपला गट माहीत नव्हता त्यांच्यासाठी दाराशीच टाइल घेऊन स्वतः बसले. पाहुणे मंडळी हात धुवायच्या आधी बोट पुसून घेऊ लागली. नवरीकडचे एक काका बी निघाले आणि कोंबड्याच्या पंगतीतून उठवले गेले. पण खरा घोटाळा पुढेच झाला, कारण नवरा ओ आणि नवरी ए. दोघांची तोंडं दोन टोकांना. नवरीची आई पदर डोळ्याला लावायच्या बेतात आली तेव्हा मामी आतून आल्या आणि मामांना एवढंच म्हणाल्या, "नवरानवरीले तं संग बसू द्या." मामांनी पाचवा पुठ्ठा लिहिला, 'नवीन जोडपे'. मामा नियमातून अशी सूट देताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, व्याह्यांना घाबरले.

मामा स्वतः बी. मामीही बी. जुने लोक सांगतात, हा माणूस एका बैठकीत अख्खा गावरान कोंबडा संपवायचा आणि दह्याचं भांडं पाहिलं तरी नाक दाबायचा. पण ज्या दिवशी बाटल्या आल्या, त्या दिवशी मामांनी आधी आपलं आणि मग मामींचं रक्त तपासलं, वहीत दोघांपुढे बी लिहिलं आणि कोंबडा सोडला तो सोडलाच. त्याला आता आठ वर्षं झाली. शेजारी रस्सा उकळत असला की मामा बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबतात, डोळे मिटतात, मग म्हणतात, "बीले चालत नाही," आणि पुढचं वाक्य सुरू करतात. दुपारी नवराबायको एकाच ताटात दहीभात कालवून जेवतात. बायकोच्या ताटात जेवतो म्हणून मिलमधले लोक चिडवतात, त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं आहे, "एक गट, एक ताट." असा निग्रह माझ्याच्यानं पंधरा दिवसांपलीकडे टिकला नव्हता. मला या माणसापुढे लहान झाल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी गणेश मंडळानं ठरवलं की मामांची वही सगळ्या गावाच्या उपयोगी पडावी. समाजमंदिराच्या भिंतीवर गावातल्या मोठ्या माणसांची यादी रंगवायची, नावापुढे गट. माझं अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे आलं. दोनशे बारा नावं मी ऑइलपेंटनं लिहिली आणि मामा स्टुलाशेजारी वही धरून उभे राहिले. शेवटचं नाव झालं तेव्हा त्यांनी भिंतीकडे, आपल्या शेतात धान उभं आहे अशा नजरेनं पाहिलं.

यंदा मंडळानं रक्तदान शिबिर घेतलं. भंडाऱ्याहून रक्तपेढीची माणसं येणार, रक्त देणाऱ्या प्रत्येकाचा गट तपासणार, म्हणजे आपोआपच मामांची यादी तपासली जाणार. मिलमध्ये पैजा लागल्या. एक जरी चूक निघाली तर भिंतीला चुना, असं मंडळातल्या टवाळांनी जाहीर करून टाकलं. मामा या बातमीनं फुलतील असं मला वाटलं होतं. पण तो आठवडाभर मामा शिबिराचं नाव काढलं की दाढ दुखते म्हणायचे. एकदा पाठ म्हणाले. एकदा तर मिलचा पट्टा तुटणार आहे असं चार दिवस आधीच सांगून मोकळे झाले.

शिबिराच्या दिवशी समाजमंदिरात जत्रा भरली. एकेक जण खुर्चीत बसायचा, रक्तपेढीच्या मॅडम गट सांगायच्या, आणि सगळे माना वळवून भिंतीकडे बघायचे. बरोबर. पुन्हा बरोबर. लोक मोजायला लागले. सदतीस माणसांनी रक्त दिलं आणि सदतीसही बरोबर निघाली. मॅडमनी हातातली काचपट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "कोणी केलं हे?" मामा मागच्या खांबाआड उभे होते, त्यांना लोकांनी धरून पुढे आणलं. मामींनाही रक्त द्यायचं होतं, पण त्यांचं वजन कमी भरलं म्हणून मॅडमनी न टोचताच त्यांना परत पाठवलं होतं. त्या बायकांत उभ्या होत्या.

मामांच्या गळ्यात हार पडला. बोट टोचलं. मॅडमनी निळीचा थेंब टाकला, पिवळीचा टाकला, पांढरीचा टाकला, हलवलं. मी जवळच होतो आणि एव्हाना मलाही कळत होतं. निळीत सपाट होतं आणि पिवळीतही सपाट होतं, कणी होती ती फक्त पांढरीत.

"ओ पॉझिटिव्ह," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना भिंतीकडे गेल्या. तिथे माझ्या अक्षरात बी होतं.

"बी," मामा म्हणाले.

मॅडमनी पुन्हा तपासलं. पुन्हा ओ. आता मामा एवढंच म्हणाले असते की माझी चूक झाली, तर सदतीस बरोबर काढणाऱ्याला ती एक चूक लोकांनी तिथेच माफ केली असती. पण मामांनी एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं आणि हट्टाला पेटल्यासारखे म्हणाले, "तुमच्या बाटल्या उनात राह्यल्या असतीन." मॅडमनी शांतपणे बर्फाची पेटी उघडून दाखवली. मागून बाबूराव ओरडले, "मामा, आमी नाही म्हनत, बाटली म्हनते!" आणि अख्खं समाजमंदिर हसलं.

मामांनी रक्त दिलं. पिशवीवर ओ लिहिताना त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मग हार काढून टेबलावर ठेवला, "बी मंजे बी" असं कुणाकडेही न बघता म्हणाले आणि चालायला लागले. लोकांचं हसू थांबेना. ज्याला स्वतःचा गट कळत नाही तो गावाला काय खायला सांगणार, असं जो तो म्हणू लागला. बाबूरावांनी संध्याकाळीच गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या.

चुन्याची गोष्ट टवाळांनी सोडून दिली, पण मामांच्या नावापुढचा बी खोडून ओ करायचं मंडळानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रंगाचा डबा घेऊन आधी मामांच्या घरी गेलो. त्यांना न सांगता खोडणं माझ्या जिवावर आलं होतं.

मामा ओसरीत बसले होते. तिन्ही बाटल्या त्यांनी फ्रिजमधून काढून समोर पायरीवर ठेवल्या होत्या, आणि ऊन त्यांच्यापासून वीतभर अंतरावर आलं होतं. मी बाटल्या उचलून सावलीत सरकवल्या.

मामी बाहेर आल्या. माझ्या हातातला डबा बघून म्हणाल्या, "खोडाले आले का गुरुजी? बसा. तुमाले एक सांगाचं हाय."

"काही सांगाचं नाही," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "माहं लगन झालं तवा घरात चौदा मानसं. सगळ्याइचं झालं का मी जेवाची. चुलीपाशी, एकटीनं, भिंतीकडे तोंड करून. भात उरला तं उरला. पंधरा वरस तसंच चाललं. मंग याइनं वेगळं बिऱ्हाड केलं, अन् पहिल्या दिवशी एकच ताट मांडलं. म्हने, आतापासून तू एकटी जेवाची नाही. मले पहिला घास गिळताच येये ना."

मामा टाचेनं जमीन उकरत होते.

"काल मले सगळं समजलं," मामी म्हणाल्या आणि मामांकडे वळल्या. "बाटल्या आल्या त्या दिवशी माह्या थेंबात कणी पडली होती?"

"पिवळीत पडली होती. येवढी!" मामांनी बोटांनी माप दाखवलं. या बाबतीत त्यांना राहवेना.

"अन् तुमच्या?"

मामांनी पिवळी बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"सपाट होतं?"

"सपाट होतं," मामा म्हणाले. मग माझ्याकडे बघत, जणू मीच हिशोब मागितला होता, म्हणाले, "ओ लिवलं असतं गुरुजी, तं दोन चुली मांडा लागल्या असत्या. तिचं ताट येगळं, माहं येगळं. मीच नियम सांगाचा अन् मीच मोडाचा? अन् तिले शब्द देला होता."

आपल्या रक्ताच्या उलट खाल्लं की आयुष्यातले दिवस कमी होतात, हे हा माणूस अगदी मनापासून मानतो. असं मानूनही त्यानं आठ वर्षं रोज दुपारी आयुष्यातला एकेक दिवस त्या दहीभातात कालवला होता. काल भर समाजमंदिरात, उभ्या गावापुढे, आपलं नाव मातीत घातलं ते त्या ताटासाठी. डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे तो तक्ता खोटा असेल. पण मामांसाठी तो खरा होता, आणि मला तर त्यांच्यापुढे मान खाली घालावीशी वाटली.

"आता ऐका," मामी मला म्हणाल्या. "याइच्या नावापुढे ओ लिवा. अन् माह्या नावापुढेही ओ लिवा."

मामा ताडकन उभे राहिले. "कायले? तुहा बी हाय! मी सोता पाह्यलं!"

"तुमीच पाह्यलं ना? तुमचं सोताचं चुकलं, सारं गाव म्हनते. मंग माहंही चुकलं असन. काल मले कोनी टोचलं? वजन कमी मनून वापस पाठवलं. आता तुमी सांगा गावाले, का मी सोताचं जानून खोटं लिवलं. सांगता का?"

मामा पुन्हा खाली बसले. आतून रस्स्याचा वास येत होता, आणि तो शेजारचा नव्हता हे त्यांच्याही एव्हाना ध्यानात आलं.

"तू कोंबडा शिजवला व?" मामा म्हणाले. "तुले चालत नाही. जिवाले धोका हाय तुह्या."

"तुमच्या जिवाले आठ वरस दही चाललं. माह्या जिवाले कोंबडा चालन," मामी म्हणाल्या. "हात धुवा."

मामा हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मोरीत पाणी वाहत होतं, आणि त्या आवाजात ते रडत होते हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मामींनी तेवढ्यात ताट वाढलं. भात, रस्सा, कोंबड्याचे चार तुकडे. एकच ताट. मामा आले, समोर बसले, आणि मामींनी पहिला घास तोंडात घालून तो गिळेपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिले. त्यांना काही झालं नाही, अशी खात्री पटल्यावर मगच त्यांनी आपला हात ताटात घातला.

मी बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, दहीवाल्या कप्प्याच्या वर, आणि निघालो.

त्याच संध्याकाळी मी भिंतीवर दोन्ही नावांपुढे ओ लिहिलं. मॅडमनी सांगितलं ते मामांनी शेवटी मान्य केलं, म्हणून गावाचं हसणं थांबलं आणि आठवड्याभरात पुन्हा बोटं पुढे येऊ लागली. रक्त द्यायची किंवा घ्यायची वेळ आली तर दवाखानेवाले स्वतः तपासल्याशिवाय हात लावत नाहीत, हे मी मॅडमना फोन करून विचारून घेतलं आहे. मी सव्वीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल पेनानं खोडत आलोय. आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर दोनशे बारा नावांत आता एकच चूक आहे, ती माझ्या अक्षरात आहे, आणि ती मी कुणालाही खोडू देणार नाही.